आधी पाणी, मग तेल

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. कंगव्यात केस जमतात तसे ते आपसूक जमत जातात आणि एक दिवस बघावं तर चांगला पुंजका झालेला असतो. आता माझ्या डोक्यावर गेली पंचवीस वर्षं कंगवा फिरवण्याजोगं काही शिल्लक नाही. तरी यंदा अमेरिकेत सहा महिने राहून आलो आणि येताना केसांचेच किस्से घेऊन आलो. इचलकरंजीत सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या टोळक्यात मी ते सांगायला लागलो की मंडळी आधी माझ्या टकलाकडे बघतात, मग एकमेकांकडे बघतात आणि मग बाकावर सरकून मला जागा करून देतात.

पात्रं फार नाहीत. मी, जन्मभर गिरणीत विव्हिंग मास्तर म्हणून सूत आणि माग सांभाळलेला माणूस. माझी बायको सुमन. आमची मुलगी केतकी न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहते, एका लॅबमध्ये रिसर्च करते. तिचा नवरा मार्कस रेल्वेत सिग्नल इंजिनिअर. काळा अमेरिकन, सहा फूट दोन इंच उंच, बोलायला लागला की खिडकीची काच थरथरते आणि स्वभावानं मात्र अगदी गाय. त्याची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, गाडीनं वीस मिनिटांवर ट्रेंटनला राहतात.

आणि सगळ्यांच्या मध्ये जुई, आमची नात, वय वर्षं सात. रंग केतकीचा, डोळे सुमनचे आणि केस मात्र अथपासून इतिपर्यंत विहीणबाईंच्या घराण्याचे. काळेभोर, दाट, प्रत्येक केस स्वतःभोवती गिरक्या घेत वाढलेला. मोकळे सोडले की डोक्याभोवती गोल पसरतात. जुई खोलीत येते तेव्हा आधी केस येतात, मागून जुई येते.

*

पहिला किस्सा फणीचा. तो मी हसत सांगतो, पण तेव्हा कुणीच हसलं नव्हतं.

सुमनचं प्रेम बोटांतून डोक्यात उतरतं. केतकी बारावी होईपर्यंत तिच्या दोन वेण्या सुमननंच घातल्या. ताप असो, परीक्षा असो, भांडण असो, संध्याकाळी पोरगी आईच्या दोन गुडघ्यांमध्ये बसायचीच आणि घरातली सगळी बोलणी तिथेच व्हायची. त्यामुळे अमेरिकेला निघताना सुमननं बॅगेत काय भरलं असेल? जास्वंद आणि ब्राह्मी घालून घरी उकळलेल्या खोबरेल तेलाच्या दोन बाटल्या, आणि तिच्या आईची लाकडी फणी.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जुईला समोर बसवलं. केस कोरडे, रात्रभर झोपून गुंतलेले. सुमननं फणी थेट मुळाशी घातली आणि खाली ओढली. जुई किंचाळली. सुमननं पुन्हा ओढली. या वेळी फणीचे तीन दात तुटले आणि केसांतच राहिले. सुमननं हात खाली ठेवले, मोठा सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "अगं बाई, काय हे केस!"

जुई उठली. डोळे पुसले नाहीत, रडलीही नाही. स्वयंपाकघरात बापासमोर जाऊन उभी राहिली आणि इंग्रजीत जाहीर केलं की आजपासून आजी माझ्या केसांना हात लावणार नाही. आपली पोरं अशा वेळी पाय आपटतात. हिनं अगदी शांतपणे, कोर्टानं निकाल द्यावा तसं सांगितलं.

सुमनला वाटलं, आई-बाप तिला दटावतील. पण केतकी म्हणाली, "आई, डोकं तिचं आहे. ती नाही म्हणाली म्हणजे नाही." सुमननं फणी रुमालात गुंडाळली आणि बॅगेच्या तळाशी ठेवून दिली. त्या दिवशी ती धड जेवली नाही. सहा महिन्यांची सगळी स्वप्नं तिची त्या एका डोक्याभोवती होती, हे मला माहीत होतं.

*

मग सुमनला दुसरा धक्का बसला. जुईचे केस रोज सकाळी आवरायचे ते जावईबापू!

साडेसहा वाजता मार्कस स्वयंपाकघरात उभा. समोर उंच स्टुलावर जुई. त्याच्या तोंडात चार क्लिपा, खांद्यावर टॉवेल, हातात पाण्याच्या फवाऱ्याची बाटली. एवढाले त्याचे हात, पण बोटं अशी चालायची की माझ्या गिरणीत सुताच्या गाठी मारणाऱ्या बायका आठवाव्यात. केसांचे भाग पाडायचा, एकेका बटेला पाणी, क्रीम, मग दोन पदरांचा पीळ. मधूनच दोघं कसल्यातरी गाण्यावर मान हलवायची.

सुमनला हे बघवेना. जावयाच्या हातात कंगवा आणि सासू बसून चहा पिते! पण मदत करायची तर सोय नाही, निकाल लागलेला. शेवटी ती त्याच्यासाठी चहा करून आणायची आणि पूजेला बसलेल्या माणसाजवळ ठेवावा तसा हळूच बाजूला ठेवून जायची.

एका सकाळी मार्कसनं सहज मला विचारलं, केतकी लहान असताना तुम्ही तिच्या वेण्या कशा घालायचात? मी जरा गडबडलो. सांगितलं, मी कसल्या घालणार, माझी नेहमी पहिली पाळी असायची, सकाळी सातला गिरणीत हजर व्हावं लागायचं.

मार्कसनं तोंडातली एक क्लिप काढून जुईच्या डोक्यात लावली आणि म्हणाला, "माझीही पहिलीच पाळी आहे, बाबा."

सुमन तिकडे ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते, ते रडण्यानं नव्हे.

*

आता विहीणबाईंचं तळघर. पुढचे बहुतेक किस्से तिथलेच.

विहीणबाईंनी चाळीस वर्षं केस सांभाळण्याचा धंदा केला. आता वय झालं म्हणून दुकान बंद केलंय, पण घराच्या तळघरात दोन खुर्च्या, एक बेसिन आणि जुन्या चार-पाच गिऱ्हाईक बायका अजून आहेत. शनिवारी जुईचा केस धुण्याचा दिवस, म्हणून आमची सगळ्यांची वरात शनिवारी तिकडे. सुमन त्यांना पहिल्या दिवसापासून विहीणबाईच म्हणायची. गिऱ्हाईक बायकांना वाटलं हा काहीतरी मानाचा किताब आहे. महिन्याभरात सगळ्या त्यांना 'मिस विहीण' म्हणू लागल्या आणि बाईंनाही ते आवडलं.

पहिल्या शनिवारी सुमननं तेलाची बाटली ओटीसारखी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे केली. विहीणबाईंनी झाकण उघडून वास घेतला, डोळे मिटले, दोन थेंब स्वतःच्या हातावर चोळले आणि खूप छान तेल आहे म्हणाल्या. मग बाटली उचलून वरच्या फळीवर ठेवली आणि सुमनसमोर पाण्याच्या फवाऱ्याची बाटली ठेवली.

"आधी पाणी," त्या म्हणाल्या. "मग तेल."

केतकी मध्ये बसून भाषांतर करत होती. सरळ केसांवरून डोक्यातला तेलकटपणा घसरगुंडीवरून उतरावा तसा टोकापर्यंत जातो. या केसांना वळणंच इतकी की तो वरच अडकतो आणि टोकं कोरडी राहतात. कोरड्या केसाला वरून तेल थापलं तर कोरडेपणाच आत कोंडला जातो. म्हणून केस आधी ओले करायचे, कंडिशनर लावायचं, ते मऊ झाले की बोटांनी गुंता सोडवायचा, तोही टोकाकडून मुळाकडे. मग रुंद दातांचा कंगवा. आणि शेवटी तेल, आत गेलेलं पाणी आतच राहावं म्हणून.

मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं, अहो, हे तर आमचं सूत! मागाच्या शेडमध्ये हवा कोरडी पडली की ताण्याचे उभे धागे पटापट तुटतात, म्हणून आम्ही शेड दमट ठेवायचो. आणि सुताचा गुंता कधी मधूनच ओढायचा नसतो, टोक शोधून मागे यायचं असतं. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. मी अगदी रंगात येऊन सांगत होतो आणि केतकी भराभरा इंग्रजी करत होती.

विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग केतकीला विचारलं, की या माणसाला एवढं सगळं माहीत होतं, तर बायको कोरड्या केसांत फणी घालत होती तेव्हा हा काय करत होता?

भाषांतराची वाट न बघता सुमननं थेट इंग्रजीत उत्तर दिलं. "ही रीडिंग पेपर."

*

सुमनची पुढची काळजी म्हणजे पोरीचे केस वाढतच नाहीत. कानाच्या खाली काही येत नाहीत. तिनं केतकीला दोनदा विचारलं की रक्तात काही कमी आहे का बघून घेतलंस का.

मला कुतूहल गप्प बसू देईना. मी शिवणाच्या डब्यातली टेप आणली आणि जुईला विचारलं की तुझा एक केस मोजू का. तिनं थोडा विचार केला, एक बट निवडून स्वतःच माझ्या हातात दिली आणि ओढायची नाही, नुसती सरळ करायची, अशी अट घातली. सोडलेली बट भरली तीन इंच. हळूच सरळ केली, तर अकरा! सोडली की सुर्रकन पुन्हा तीन. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं हे मी जन्मभर बघितलं, पण असं आटणं नव्हतं पाहिलं. जुईला इतका आनंद झाला की तिनं माझ्याकडून चार बटा मोजून घेतल्या आणि आकडे फ्रीजवर लावले.

सुमन आतून ऐकत होती. भाजी ढवळत विचारलं, किती भरले. मी अकरा म्हटलं.

"केतकीचे या वयात एवढे लांब नव्हते," ती म्हणाली, आणि त्या दिवसानंतर रक्त तपासायची गोष्ट तिनं काढली नाही.

पुढे मी तिला म्हटलं, बघ, मी विचारलं तर पोरगी हो म्हणाली, तूही विचार. सुमननं गॅस बारीक केला. मग म्हणाली, "तुम्हाला नाही म्हणाली असती तर तुम्ही टेप डब्यात ठेवून पेपर वाचला असतात. मला नाही म्हणाली तर मी काय करू?"

*

हा किस्सा फोनवरचा आहे आणि त्यात मी फक्त श्रोता आहे.

तासाभरावर पार्सिपनीला राहणाऱ्या एक मराठी काकू आहेत. त्यांच्या घरी काही कार्य नसेल असा महिना जात नाही. त्यांनी शनिवारी सत्यनारायणाचं बोलावणं केलं. सुमन म्हणाली, नाही हो जमणार, शनिवारी जुईचे केस धुवायचे असतात. काकू म्हणाल्या, मग धुवून या की, पूजा अकराला आहे. सुमननं समजावलं, की आठला सुरुवात केली तर अकरापर्यंत गुंता सुटतो. मग धुणं. मग कंडिशनर लावून टोपीखाली अर्धा तास. मग भाग पाडायचे, मग पीळ घालायचे. मध्ये पोरीला भूक लागते, ती एकदा झोपतेही. काकूंनी तीर्थप्रसादाला दीडपर्यंत या म्हटलं. सुमन म्हणाली, दीडला डावी बाजू होते.

मग काकूंनी विचारलं, "सुमनताई, नक्की किती जणींचे केस धुताय?"

गंमत म्हणजे या सगळ्यात सुमनचं काम काय, तर टॉवेल धरायचा. तरी एकही शनिवार तिनं चुकवला नाही.

*

एका शनिवारी गिऱ्हाईक कुणी नव्हतं. जुई टोपीखाली डोकं घालून वरच्या खोलीत चित्रं काढत बसली होती. विहीणबाईंनी आपले केस बाजूला करून उजव्या कानामागचा एक डाग सुमनला दाखवला. जुना, बोटाच्या पेराएवढा.

त्या लहान असताना दर शनिवारी त्यांची आई लोखंडी कंगवा गॅसवर तापवायची आणि त्यानं यांचे केस सरळ करायची. रविवारी चर्चमध्ये नीटनेटकं दिसायला हवं ना. कान हातानं दुमडून धरायचा आणि अजिबात हलायचं नाही. एकदा त्या हलल्या. आईचा जीव होता हो त्यांच्यावर, त्या म्हणाल्या. पण तसे केस घेऊन शाळेत आणि पुढे नोकरीत गेलं तर लोक नावं ठेवतील, या धाकानं ती बिचारी तसं करायची. आणि कंगवा उचलण्याआधी दर वेळी ती एक सुस्कारा टाकायची.

"भाजलेलं आठवड्यात बरं झालं," विहीणबाई म्हणाल्या. "सुस्कारा अजून ऐकू येतो."

मग त्यांनी सुमनचा हात हातात घेतला आणि सांगितलं की जुईनं मला त्या दिवशीचं सगळं सांगितलंय. फणीनं दुखलं ते ती संध्याकाळपर्यंत विसरली. आजीनं सुस्कारा टाकला आणि तिच्या केसांना काहीतरी म्हणाली, हे ती विसरलेली नाही.

आम्ही आपले समजत होतो की पोरीला मराठी कळत नाही. उत्तरं इंग्रजीत देते, म्हणून कळत नाही! केतकीनं हे सगळं भाषांतर केलं.

परत येताना गाडीत सुमननं मला विचारलं, "मी खरंच सुस्कारा टाकला होता?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण बायकोशी चाळीस वर्षांत जेवढ्या थापा मारायच्या तेवढ्या मारून झाल्यात. म्हटलं, "टाकला होतास."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला तेव्हा तिची इतकी दया आली की मी रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

*

आमच्या पिढीला माफी मागता येत नाही. आम्ही माफीऐवजी काहीतरी करून ठेवतो. सुमनची तर खासियतच ती.

आधी तिनं केतकीकडून काळ्या लोकरीचा गुंडा मागवला. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीला चोवीस दोरे बांधले आणि जुई शाळेत गेली की सराव सुरू. डोक्याला घट्ट चिकटून जाणारी वेणी, पुढे जाता जाता दोन्ही बाजूंचे केस आत घेत घालायची. आपल्या सागरवेणीची बहीण म्हणा, पण आकार करंगळीएवढा. पहिल्या दिवशी खुर्ची पडली. आठवड्याभरात सहा रेघा सरळ जायला लागल्या. मी सूत तपासायचो तसा बोट घालून ताण तपासायचो आणि सांगायचो, फार आवळलीस, कपाळाजवळचे केस असल्या ओढीनं कायमचे जातात, विहीणबाई म्हणाल्यात. ती म्हणायची, "खुर्ची काही म्हणत नाही, तुम्ही का कुरकुरता?"

दुसरं म्हणजे टोपी. सुती उशी केसांतलं पाणी आणि तेल रात्रभर पीत राहते, म्हणून झोपताना डोक्याला गुळगुळीत कापडाची टोपी घालायची असते. जुईची टोपी उसवायला आली होती. सुमननं गणपतीसाठी म्हणून एक नवी रेशमी साडी आणली होती, आंबा रंगाची, जांभळ्या काठाची. त्यातला ब्लाउजपीस अजून शिवायचा होता. तिनं तो कापला, आत इलॅस्टिक घातलं, काठ बरोबर कपाळावर येईल असा बसवला, आणि टोपी शिवून न बोलता जुईच्या उशीवर ठेवून दिली.

सकाळी जुई नाश्त्याला आली ती टोपी घालून. दिवस रविवारचा. दुपारी किराणा आणायला गेलो तेव्हाही तिच्या डोक्यावर जांभळ्या काठाची टोपी होतीच. वाण्याच्या दुकानातली एक आजीबाई वळून वळून बघत होती आणि सुमन सामानाची गाडी ढकलत तिच्याकडे अशी बघत होती की जणू विचारतेय, तुमच्याकडे आहे का असली.

*

मग आला गणपती. मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. जुईनं त्या दिवशी केस पूर्ण मोकळे सोडले होते आणि एका बाजूला केतकीनं लावलेलं मोठं जास्वंदीचं फूल. गणपतीसुद्धा दोन क्षण बघत राहिला असेल. सुमन आंबा रंगाच्या साडीत, वर काळा ब्लाउज.

प्रसादाच्या रांगेत पार्सिपनीच्या काकू भेटल्या. आधी म्हणाल्या, ब्लाउज मॅचिंग नाही शिवलंत का. मग त्यांचं लक्ष जुईकडे गेलं. काकू स्वभावानं वाईट नाहीत, हौशी आहेत. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "अगं बाई, काय हे केस!"

शब्द न् शब्द तोच. जुईनं खांदे आक्रसून घेतले, ते मी पाहिलं. काकूंचा हात केसांपाशी पोचायच्या आत सुमननं त्यांचं मनगट धरलं.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "मी तिची सख्खी आजी आहे. मलासुद्धा परवानगी नाही."

रांग थांबली. काकूंनी कसनुसं हसून, सांभाळायला किती त्रास होत असेल ना, आजकाल सरळ करून मिळतात म्हणे, असं काहीतरी म्हटलं. पूर्वीची सुमन असती तर मान डोलावून विषय संपवला असता.

"केस चांगलेच आहेत," सुमन म्हणाली. "मला येत नव्हतं. आता शिकतेय."

मग तिनं काकूंचं मनगट सोडलं, त्यांच्या हातावर मोदक ठेवला आणि रांग पुढे सरकली.

घरी जाताना मागच्या सीटवरून जुईनं आईला विचारलं की आजीला परवानगी नाही हे खरं आहे का. केतकी म्हणाली, नियम तूच केलायस. जुई एक बट बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली.

*

आमच्या परतीच्या आधीचा शेवटचा शनिवार. बॅगा भरून झाल्या होत्या. सुमननं लोकरीचे दोरे सोडून गुंडा करून ठेवला होता. वाया गेला नाही, स्वेटर होईल म्हणाली.

तळघरात नेहमीसारखी तयारी. बेसिनपाशी विहीणबाई, हातात कंडिशनरचा डबा. मार्कसनं क्लिपा मोजून ठेवल्या. सुमन कोपऱ्यात तिच्या नेहमीच्या जागी, खाली बैठ्या सोफ्यावर, मांडीवर टॉवेल.

जुई जिना उतरून आली. टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली. विहीणबाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. जुईनं खुर्चीकडे बघितलं, शेजारच्या फळीवरची पाण्याची बाटली उचलली आणि सरळ कोपऱ्यात गेली. सुमनकडे पाठ केली आणि तिच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये जमिनीवर बसली. मागे वळून न बघता तिनं बाटली खांद्यावरून वर धरली.

"आजी," ती मराठीत म्हणाली. "आधी पाणी."

मार्कसनं क्लिपा पुन्हा मोजायला घेतल्या. विहीणबाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि स्वतःच त्या खुर्चीत बसल्या. केतकी कुणाकडेच बघत नव्हती.

सुमननं बाटली घेतली. पहिल्या बटेवर पाणी मारलं. दुसऱ्या बटेवर मारलं. बोटं केसांत घातली, अगदी टोकाला, आणि हळूहळू वर येऊ लागली. तोंडातून चकार शब्द नाही. ओठ घट्ट मिटलेले, छाती भरून आलेली, चेहरा लाल. मी चाळीस वर्षं बघतोय तिला, मला कळलं की पोटातून मोठा सुस्कारा वर येतोय आणि ही बाई जिवाच्या करारानं तो धरून बसली आहे.

डोक्याची एक बाजू ओली झाली. दुसरी झाली. तळघरात फवाऱ्याचा तेवढा आवाज.

जुईनं हात मागे नेला आणि सुमनच्या गुडघ्यावर ठेवला.

"आजी," ती म्हणाली, "तू श्वास घेऊ शकतेस."